वडगावच्या भिंतीवर अल्जीरियाची गुरं

माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नाच्या दिवशी, उष्टी हळद घेऊन आलेली नवऱ्याकडची माणसं आमच्या दारात थबकली, तेव्हा माझ्या आजोबांनी घराच्या दर्शनी भिंतीवर चुना मारायचा हुकूम दिला. भिंतीवर अल्जीरियाची गुरं होती. गुरांच्या मागं धोतर नेसलेले, फेटे बांधलेले गुराखी होते आणि त्यांतल्या एकाला मिशा होत्या. हुकूम मिशांमुळे निघाला.

आमचं घर वडगाव रासाईला, भीमेपासून हाकेच्या अंतरावर. आजोबांना सगळे आप्पा म्हणत. ते सोसायटीचे माजी चेअरमन होते आणि घरातही ठराव मांडल्यासारखं बोलत. वडील साखर कारखान्यावर असत; गाळपाच्या हंगामात ते घरी फक्त झोपायला येत, त्यामुळे त्या दिवसांच्या माझ्या आठवणीत त्यांची पावलं आहेत, चेहरा नाही. सकाळी नदीवरची इंजिनं सुरू होत, त्यांच्या ठेक्यावर पिठाची गिरणी सुरू होई, आणि त्या दोघांच्या वर आईचा आवाज चढे. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा हुलग्याची शेंगोळी होत. लसणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि त्या दिवशी आप्पांना भेटायला हमखास माणसं येत. मी नववीत होते. आत्याचं नाव सुमन. ती शिरूरला प्राथमिक शाळेत शिकवायची, रोज एसटीनं जाऊन-येऊन, आणि आल्याबरोबर हातपाय धुवायच्या आधी तिकिटांचा आल्बम उघडायची.

तिकिटांचं सुरू झालं दौंडला. मास्तरकीचं शिक्षण घेताना ती तिथं मावशीकडं राहायची. स्टेशनबाहेर जुनी मासिकं विकणारा एक माणूस बसे. त्याच्याकडं परदेशी तिकिटांची पारदर्शक पाकिटं असत: फुलांचं वेगळं, जहाजांचं वेगळं, पक्ष्यांचं वेगळं. वर्गात लावायच्या तक्त्यासाठी आत्यानं पक्ष्यांचं पाकीट मागितलं. घरी येऊन उघडलं तर आत बैल, हरणं आणि काटक्यांसारखी माणसं, सगळी दगडावर काढलेली. दुसऱ्या दिवशी ती बदलून घ्यायला गेली. तो म्हणाला, "ताई, ह्यात बी जनावरंच हायेत. नुस्ती जुनी हायेत." ती पाकीट घेऊन परत आली आणि त्यानंतर तिनं पक्षी मागितले नाहीत. फ्रान्सच्या गुहेतले बैल, स्पेनच्या गुहेतला गवा, अल्जीरियाच्या वाळवंटातली गुरं, असं ते वाढत गेलं. कागदाला चिकटलेली तिकिटं सुटी करण्यासाठी ती परातीत पाणी घालून भिजत ठेवायची. त्याच परातीत एकदा आईनं कणीक मळली, आणि त्या दिवशीच्या चपातीत हंगेरीचं तिकीट निघालं, असं आप्पा आलेल्या-गेलेल्याला सांगत. ते तिकीट मी पाहिलेलं नाही. आईनं शेवटपर्यंत इन्कार केला.

आज फोनवर त्या गुहा आतून पाहता येतात. मी पाहिल्या. बैल भिंतभर आहेत, माणसापेक्षा मोठे. मला ती अतिशयोक्ती वाटते. मी ते बैल पहिल्यांदा नखाएवढे पाहिले, आप्पांच्या वाचनाच्या भिंगाखाली, आणि ते तेवढेच असतात अशी माझी समजूत अजून पूर्ण गेलेली नाही.

आत्याची दोन लग्नं ठरून मोडली होती. पहिल्या स्थळाला तिनं नोकरी सोडायला हवी होती. दुसऱ्यानं पत्रिका छापून झाल्यावर निरोप पाठवला, कारण दिलं नाही. उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी वर्षभर गणितं केली. तिसरं स्थळ वरवंडचं. मुलगा दौंडला रेल्वेत होता. त्याचे वडील शेती पाहायचे, माळकरी होते, आणि बघण्याच्या कार्यक्रमात चहा, पोहे आणि आमच्या गोठ्यातली बैलजोडी एवढ्याच विषयांवर बोलले. त्यांना तात्या म्हणत. आत्यानं मुलाला एक कप चहा संपेपर्यंत पाहिलं होतं. हेही मोडलं तर चौथं कुणी येणार नाही, असं घरात कुणी बोललं नाही. ते सगळ्यांना पाठ होतं.

लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची आमच्याकडं रीत होती. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, त्यांच्या सोंडेत हार, बाजूला भालदार-चोपदार, वर वधूवरांची नावं. भिंत रंगली म्हणजे लग्न पक्कं, असं गाव मानायचं. आमच्या भागातला चित्रकार केंदूरचा. पण त्या वेळी निवडणूक लागली होती, आणि तो शिरूर तालुका पालथा घालत भिंतींवर उमेदवारांच्या निशाण्या काढत फिरत होता. आप्पांनी दोन वेळा माणूस पाठवला. दुसऱ्या वेळी माणूस परत आला तो निरोप घेऊन: हत्ती काढतो, पण एका बाजूला कपबशी काढावी लागेल, उमेदवाराला शब्द दिलाय. आप्पा दुसऱ्या पॅनेलचे होते. चित्रकाराचा विषय तिथं संपला.

मग आत्यानं कमलचं नाव घेतलं. कमल तिची मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावरची. ती बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहायची, तिचे वडील रेल्वेत होते, आणि ती चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होती. लग्नघराच्या भिंतीला त्या वस्तीतल्या कुणाचा हात लागल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. आप्पा सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले. आई चुलीपाशी भांडी वाजवू लागली. मग आप्पा म्हणाले, "येऊ दे. पर हत्ती व्यवस्थित पायजे." कमल आली, ओसरीवर बसून चहा प्याली, आणि म्हणाली, "आप्पा, हत्ती मला जमत न्हाई. माझा हत्ती म्हशीवानी दिसतो. मास्तरांनी बी तसंच लिहिलंय."

"मग काय जमतं?"

"म्हशी," कमल म्हणाली. तिनं हे गांभीर्यानं सांगितलं. मी तोंडात पदर कोंबला, तो आईचा होता.

आतून आत्या म्हणाली, "मग गुरंच काढा. माझी."

मांडवाचा मुहूर्त झाल्यामुळे आत्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. तिच्या खोलीची खिडकी त्याच दर्शनी भिंतीत होती, त्यामुळे तिला आम्ही दोघी दिसत होतो आणि चित्र दिसत नव्हतं. तिनं अल्जीरियाचं तिकीट, आप्पांचं भिंग आणि सूचना खिडकीतून बाहेर दिल्या. मुख्य सूचना एकच होती: तिकिटावर जे दिसतं ते सगळं काढायचं, मनाचं काही घालायचं नाही. कमलनं सुताराकडून दोरी आणली. काव लावलेली दोरी ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटते, हे मला माहीत होतं. ती रेघ भिंतीइतकीच चेहऱ्यावरही उमटते, हे नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही दोघी चौकटींच्या वह्यांसारख्या दिसत होतो. रंग घरचे होते. तांबडी काव, चुना, हळद आणि चुलीवरची काजळी तिळाच्या तेलात कालवून. मागच्या अंगणात आचाऱ्यानं बुंदी पाडायला घेतली होती. झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला की कमल एक फटकारा मारायची, आणि झारा थांबला की आम्ही बुंदी चाखायला जायचो. जवळून ते काही दिसत नव्हतं. तांबड्या पट्ट्या आणि पांढरे डाग. मग आम्ही मांडवाच्या टोकाला गेलो, वळून पाहिलं, आणि भिंतीवरून गुरं चालली होती. लांब शिंगांची, बारीक पायांची, ठिपक्याठिपक्यांची, एकमेकांच्या पाठीवरून मान काढून. आम्हाला हसू आवरेना. कशाचं, ते सांगता येणार नाही. आम्ही पुन्हा जवळ जायचो, पुन्हा लांब यायचो. दर वेळी ती नव्यानं चालायला लागायची. आई पीठ चाळत बाहेर आली, पाहिलं, चाळणी घेऊन मांडवाच्या टोकापर्यंत गेली, पाहिलं, आणि परत गेली. थोड्या वेळानं ती दुसऱ्यांदा आली. या वेळी चाळणी नव्हती.

दोन अडचणी आल्या. तिकिटावरच्या गुराख्यांच्या अंगावर कपडे नव्हते. कमलनं खिडकीपाशी जाऊन विचारलं. आत्या म्हणाली, "धोतरं घाल. एवढं आपलं घाल." कमलनं धोतरं घातली, धोतरं घातल्यावर डोकी बोडकी दिसू लागली म्हणून फेटे घातले, आणि पुढच्या गुराख्याचा चेहरा तरीही रिकामा वाटला म्हणून त्याला पिळदार मिशा काढल्या. दुसरी अडचण तिकिटावरच्या रेघांची. गुरांच्या पाठीवरून नागमोडी रेघांचा पट्टा गेला होता आणि त्याच्या कडेला अर्धं वर्तुळ होतं. त्या काय आहेत याची आम्ही चर्चा केली. कमल म्हणाली पाणी असेल, मी म्हणाले वारा असेल, आणि तिकिटावर आहे ते सगळं काढायचं असल्यामुळे चर्चेला अर्थ उरला नाही. काजळी संपली होती. आईच्या धुण्याच्या पाटीत नीळ सापडली. रेघा निळ्या झाल्या. अर्ध्या वर्तुळाला उरलेली हळद लागली.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड ट्रकमधून उतरलं. त्यांचा मुक्काम शाळेत होता. नवरदेवाची हळद झाल्यावर उष्टी हळद घेऊन बायका, वाजंत्री, तात्या आणि नवरदेवाचे मामा आमच्या दारात आले. मामा पुढं होते. ते थांबले तशा मागच्या बायका थांबल्या, आणि सनईवाला एक सूर जास्त वाजवून थांबला. मामांना पिळदार मिशा होत्या. त्यांनी फेटा बांधला होता. हातात काठी होती, कारण त्यांचा गुडघा दुखत होता. कमल माझ्या कानात म्हणाली, "मेले." तिनं मामांना त्याआधी कधीही पाहिलेलं नव्हतं.

"हा मी हाय," मामा म्हणाले.

त्यांनी काठीचं टोक मिशीवाल्या गुराख्यावर ठेवलं.

"उघड्या अंगानं, बैलामागं. दारात. सोयऱ्याला गुराखी केला व्हय तुम्ही?"

"न्हाई हो मामा, पोरींनी कायतरी रंगवलंय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"हत्ती न्हाई, भालदार न्हाई. मला ठिवलाय तेवढा. मी चाललो. धरा तुमचा अंतरपाट तुम्हीच."

नवऱ्याचा मामा पाठीशी उभा नसेल तर लग्न लागत नाही. मामा वळले. बायकांतली एक हळदीचं ताट घेऊन त्यांच्याबरोबर वळली. आप्पांनी तेव्हा हुकूम दिला: "चुना मारा भिंतीवर. आत्ताच्या आत्ता." चुन्याची बादली मांडवाच्या खांबापाशीच होती. आईनं ती उचलली आणि हातात धरून उभी राहिली.

या वेळेपर्यंत तात्या बोलले नव्हते. ते भिंतीपासून मागं मागं जात मांडवाच्या टोकाला पोचले होते, आम्ही जिथं उभ्या राहायचो तिथं. तिथून ते म्हणाले, "मेव्हणं, हिकडं या. हितनं बघा."

मामा गेले नाहीत, पण थांबले.

"ही भीमा हाय," तात्या निळ्या पट्ट्याकडं बोट करून म्हणाले. "जनावरं नदी उतरून ह्या काठाला येत्यात. दिवस मावळतोय. गोरज मुहूर्त. आन् वरवंडचं वऱ्हाड ह्यांच्या दारात आणणारा म्होरक्या तुम्ही हाय. गुराखी कुठं?"

मामा मांडवाच्या टोकाला गेले आणि त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मिशीवरून बोट फिरवलं. "फेटा बरा बांधलाय," ते म्हणाले. ताट घेतलेली बाई पुन्हा दाराकडं वळली. सनईवाल्यानं पिपाणी तोंडाला लावली. लग्न वाचलं होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं.

खिडकीतून आत्याचा आवाज आला. "कमल, निळ्या रेघा गुरांच्या पाठीवरून गेल्यात का गं?"

कमल म्हणाली, "व्हय."

"कडेला अर्धं वर्तुळ हाय?"

"हाय."

"तात्या," आत्या म्हणाली, "ती नदी न्हाई. तो टपालाचा शिक्का हाय."

आईनं बादली खाली ठेवली. आप्पांनी डोळे मिटले. आत्या आतून बोलतच होती, वर्गात बोलायची त्या आवाजात, स्पष्ट आणि न थांबता. हे चित्र तिकिटावरचं आहे. तिकीट अल्जीरियाचं आहे. तिथल्या टपाल खात्यानं त्यावर शिक्का मारला, तो पोरींनी चित्रात धरला. सूर्य सूर्य नाही. आणि मिशावाला माणूस मामा नाहीत. तो वाळवंटातला कुणी गुराखी आहे, त्याला जाऊन हजारो वर्षं झाली. "तुमाला खोटं सांगून ह्या घरातनं निघायचं न्हाई मला," ती म्हणाली. आवाज तेवढ्या एका वाक्याला हलला.

"म्हंजी तो मी न्हाई?" मामा म्हणाले.

"न्हाई मामा."

मामांचा चेहरा पडला. माझ्या आयुष्यात पुढं मी तिकीट कापलं गेलेल्या उमेदवारांचे बरेच चेहरे पाहिले. त्यातला एकही इतका पडलेला नव्हता.

तात्या खिडकीपाशी आले. "कुणी काढली मग ही? पहिल्यांदा?"

"तिथल्याच माणसांनी. डोंगरात राहायची. गुरं पाळायची. आपापली गुरं दगडावर काढून ठेवली त्यांनी."

"घरची जनावरं?"

"घरचीच."

"बघू ते तिकीट."

खिडकीतून तिकीट आणि भिंग बाहेर आलं. तात्यांनी पाहिलं आणि मामांच्या हातात दिलं. मामांनी भिंग डोळ्याला लावलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ आणलं. "ह्याला मिशा न्हाईत," ते म्हणाले.

"मिशा मी काढल्या," कमल म्हणाली.

"का?"

"बोडकं दिसत हुतं."

"कुणाची गं तू?"

कमलनं वडिलांचं नाव सांगितलं आणि वस्ती सांगितली. दोन्ही स्पष्ट सांगितली. वऱ्हाडातल्या दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मामांनी तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं.

"मिशा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आन् खाली नाव लिव्ह माझं. नसंल मी, तरी लिव्ह."

पहिल्यांदा आई हसली. ती एकदा हसायला लागली की थांबत नसे, आणि तिचं हसणं दुसऱ्यांनाही लागायचं. आप्पा डोळे मिटूनच हसले. तात्यांनी ताटातल्या हळदीत अंगठा बुडवला, पुढं जाऊन पहिल्या बैलाच्या कपाळावर ओढला, पोळ्याला ओढतात तसा, आणि हात जोडले. मग ताटाभोवतीच्या बायकांनी एकेक बैल वाटून घेतला. ज्यांचे हात पोचेनात त्यांना इतरांनी उचललं. एकजण उचलणारीसकट मांडवात पडली आणि दोघीही पडल्या पडल्या हसत राहिल्या. आत्याला लावायला हळद कमी पडली. ती आईनं घरातून काढून दिली.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. मामा नवरदेवाच्या पाठीशी उभे होते. आत्यानं नोकरी सोडली नाही. वरवंडला गेल्यावर तिनं दौंड तालुक्यात बदली करून घेतली.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी तात्यांचा निरोप आला, की गोठ्याची भिंत मोकळी आहे. कमल आणि मी गेलो. तात्यांनी बाज भिंतीसमोर टाकून घेतली होती. आत्यानं आल्बम उघडून पानं उलटली, आणि स्पेनच्या गव्यापाशी त्यांनी तिला थांबवलं. गुडघे दुमडून, मान आत घेऊन बसलेला गवा. "ह्याचं पाय दुखत्यात," ते म्हणाले. "ह्यो काढा." मामाही आले होते. त्यांनी सावलीत बसून सूचना केल्या. दुपारी सगळे ओसरीवर एका पंगतीत जेवायला बसले. कमलचं ताट आत्याच्या आणि माझ्या मध्ये होतं. पुरणपोळी तात्यांनी स्वतः वाढली. गवा संध्याकाळपर्यंत पूर्ण झाला.

तात्या आणि मामा आता नाहीत. तो गोठा पाडला, एक भिंत राहिली. मी ती शेवटची गेल्या वर्षी पाहिली. पाठीचा उंचवटा, एक शिंग आणि दुमडलेले पुढचे पाय दिसत होते.